पाटी जुनीच, बिऱ्हाड नवे : अमेरिकेतील पक्षनामे आणि मतदारांचा भ्रमनिरास

१/२०
नोव्हेंबर १९३६. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. दक्षिणेतील मिसिसिपी राज्याने तर सुमारे ९७ टक्के मते त्यांच्या पदरात टाकली. त्यांना नकार दिला तो ईशान्येच्या कोपऱ्यातील केवळ दोन राज्यांनी : मेन आणि व्हरमाँट. रिपब्लिकन पक्षाचा इतका दारुण पराभव होत असतानाही व्हरमाँटने आपली निष्ठा सोडली नाही.

२/२०
आता २०२० ची निवडणूक पाहा. व्हरमाँटमध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार जो बायडन यांना सुमारे ६६ टक्के मते मिळाली. मिसिसिपीत रिपब्लिकन डोनाल्ड ट्रम्प यांना ५७ टक्क्यांहून अधिक. पक्षांची नावे तीच, राज्ये तीच; निकाल मात्र नेमका उलटा. या ८४ वर्षांत नेमके काय बदलले? माणसे, की त्यांच्या दारावरच्या पाट्यांचा अर्थ?

३/२०
‘दोन्ही पक्षांनी जागांची अदलाबदल केली’ हे या प्रश्नाचे नेहमी दिले जाणारे उत्तर. ते पूर्णतः खोटे नाही. पण त्यातून असा भास होतो, की एखाद्या रात्री दोन्ही घरांतील माणसांनी सामान उचलले आणि ती समोरच्या घरात राहायला गेली. प्रत्यक्षात ही हालचाल शंभर वर्षे चालली. एकेक समाजगट, आपल्याच पक्षाकडून निराश होऊन, वेगवेगळ्या वेळी बाहेर पडला. तो क्रम समजून घेतला, की अमेरिकेचा राजकीय इतिहास अधिक स्पष्ट दिसू लागतो.

४/२०
अमेरिकेच्या राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखच नाही. पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९६ च्या निरोपाच्या संदेशात पक्षभावनेविरुद्ध इशारा दिला होता. तरीही पक्ष निर्माण झाले, आणि त्यांच्या इतिहासातील एक मोठा टप्पा फसवणुकीच्या भावनेतून सुरू झाला. अमेरिकेचा अध्यक्ष थेट जनतेच्या मतांनी ठरत नाही. प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठराविक ‘निर्वाचक’ येतात आणि त्यांच्या बहुमताने तो ठरतो. १८२४ साली अँड्र्यू जॅक्सन यांना सर्वाधिक, म्हणजे ९९ निर्वाचक मते मिळाली. बहुमत मात्र कोणालाच मिळाले नाही. निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला आणि त्याने ८४ मते मिळवणाऱ्या जॉन क्विन्सी ॲडम्स यांना निवडले.

५/२०
ॲडम्स यांना पाठिंबा देणाऱ्या हेन्री क्ले यांची लगेच परराष्ट्रमंत्रिपदी नेमणूक झाली. जॅक्सनसमर्थकांनी याला उघड सौदेबाजी म्हटले. या संतापावरच त्यांची संघटना उभी राहिली. १८२८ मध्ये जॅक्सन विजयी झाले आणि त्यांच्या अनुयायांचा गट पुढे ‘डेमोक्रॅटिक पक्ष’ म्हणून ओळखला जाऊ लागला. सामान्य गोऱ्या शेतकऱ्याचा, कारागिराचा हा पक्ष. पण त्याचा नायक स्वतः गुलामांचा मालक होता. ‘सामान्य माणूस’ या शब्दात कोण मोडते आणि कोण नाही, हा प्रश्न या पाटीच्या पहिल्या दिवसापासून अनुत्तरित राहिला.

६/२०
जॅक्सन यांचे विरोधक ‘व्हिग’ या नावाने एकत्र आले. इंग्लंडमध्ये राजसत्तेला विरोध करणाऱ्यांचे हे नाव. जॅक्सन राजासारखे वागतात, असे सुचवण्यासाठी ते घेतलेले. दोन अध्यक्ष निवडून आणणारा हा पक्ष पाहता पाहता संपला. १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने नव्या प्रदेशांत गुलामगिरी शिरण्याची वाट मोकळी झाली, आणि या प्रश्नावर उत्तरेकडील व व दक्षिणेकडील व्हिगांना एका छपराखाली राहणे अशक्य झाले. उत्तरेतील निराश व्हिग, गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करणारे डेमोक्रॅट आणि ‘फ्री सॉइल’ पक्षाचे लोक यांतून त्याच वर्षी रिपब्लिकन पक्ष जन्मला.

७/२०
अवघ्या सहा वर्षांत या पक्षाने अब्राहम लिंकन यांना अध्यक्षपदी बसवले. १८६० च्या चौरंगी लढतीत त्यांना देशभरातील ४० टक्क्यांहून किंचित कमी मते पडली. त्या काळी मतपत्रिका सरकार छापत नसे, पक्षच छापून वाटत. आणि दक्षिणेच्या बऱ्याच राज्यांत लिंकन यांच्या नावाची मतपत्रिका वाटायला कोणी धजावलेच नाही. त्यानंतर यादवी युद्ध झाले, गुलामगिरी संपली. १८७० मध्ये पंधराव्या घटनादुरुस्तीने वर्णावरून मताधिकार नाकारण्यास बंदी केली. त्याच वर्षी मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स सिनेटमध्ये पोहोचले. अमेरिकी सिनेटचे ते पहिले कृष्णवर्णीय सदस्य. पक्ष अर्थातच रिपब्लिकन.

८/२०
या घडामोडींचे पडसाद पुण्यापर्यंत पोहोचले होते. १८७३ साली प्रसिद्ध झालेले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक जोतीराव फुले यांनी अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ त्यागाचा गौरव करून, आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या मुक्तीसाठी तोच कित्ता गिरवावा, अशी आशा त्यांनी व्यक्त केली. जोतीरावांनी अमेरिकेत पाहिले ते एका समाजाला दुसऱ्याच्या दास्याविषयी वाटलेल्या लाजेचे सामर्थ्य. पण या अर्पणपत्रिकेला चार वर्षे होतात न होतात तोच, त्या लाजेवर व्यवहाराने मात केली.

९/२०
१८७६ ची निवडणूक. डेमोक्रॅट सॅम्युएल टिल्डन यांना १८४ निर्वाचक मते, रिपब्लिकन रदरफर्ड हेज यांना १६५, आणि २० मते वादग्रस्त. पंधरा जणांच्या आयोगाने ८ विरुद्ध ७ अशा फरकाने सर्व वीस मते हेज यांना दिली. ते १८५-१८४ असे जिंकले. त्यानंतर काही आठवड्यांत दक्षिण कॅरोलिना आणि लुइझियाना येथील राज्यशासनांच्या रक्षणासाठी उभे असलेले केंद्रीय सैनिक मागे घेण्यात आले. लिंकन यांच्या पक्षाला अध्यक्षपद मिळाले आणि दक्षिणेतील त्याचे सर्वांत निष्ठावंत मतदार त्यांच्या जुन्या मालकांच्या हवाली झाले.

१०/२०
पुढचे काम कायद्याने केले. मिसिसिपीच्या १८९० च्या राज्यघटनेने मतदानासाठी दोन डॉलरचा कर बसवला. शिवाय घटनेतील कलम वाचून दाखवण्याची किंवा त्याचा अर्थ सांगण्याची अट घातली. अर्थ बरोबर की चूक, हे ठरवणारा अधिकारी अर्थातच गोरा. इतर दक्षिणी राज्यांनी हाच मार्ग धरला. लुइझियानात १८९६ मध्ये १ लाख ३० हजारांवर कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ मध्ये उरले सुमारे तेराशे. कायद्यात वर्णाचा उल्लेख कोठेही नव्हता. पंधरावी दुरुस्ती कागदावर अबाधित होती.

११/२०
आता १९३६ मधील त्या ९७ टक्क्यांकडे पुन्हा पाहू. वीस लाखांहून अधिक लोकवस्तीच्या मिसिसिपीत त्या वर्षी एकूण सुमारे १ लाख ६२ हजार मते पडली. लोकसंख्येचा जवळजवळ अर्धा भाग कृष्णवर्णीय होता आणि मतदानकेंद्रावर तो जवळपास नव्हताच. त्या करामुळे हजारो गरीब गोरेही बाहेर राहिले होते. म्हणजे ‘मिसिसिपी एकमुखाने डेमोक्रॅटिक होती’ या विधानातील मिसिसिपी म्हणजे तिच्यातील मोजके लोक. मतांची टक्केवारी वाचताना ती कोणाच्या मतांची, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये, हा धडा इथेच मिळतो.

१२/२०
ज्यांना मत होते, त्यांचाही भ्रमनिरास होत होताच. पण त्यांच्यापाशी एक सोय होती. जुना पक्ष सोडवत नाही आणि विरोधी पक्षात जाववत नाही, अशा मतदाराला तिसरा पक्ष धर्मशाळेसारखा उपयोगी पडतो. १८९२ मध्ये कर्जाने गांजलेल्या शेतकऱ्यांच्या ‘पीपल्स पार्टी’ने दहा लाखांवर मते आणि २२ निर्वाचक मते मिळवली. १८९६ मध्ये डेमोक्रॅटांनी या शेतकऱ्यांचीच मागणी उचलून विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना उमेदवारी दिली; पीपल्स पार्टीनेही त्यांनाच पाठिंबा दिला आणि ती विरून गेली. १९१२ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी रिपब्लिकन पक्ष सोडून ‘प्रोग्रेसिव्ह’ पक्ष काढला व २७ टक्के मते घेतली. विद्यमान अध्यक्ष टाफ्ट तिसऱ्या स्थानी फेकले गेले. त्यांच्या मागे उरली केवळ दोन राज्ये, यूटा आणि व्हरमाँट.

१३/२०
१९१२ मध्ये विजयी झाले ते डेमोक्रॅट वुड्रो विल्सन. लिंकन यांच्या पक्षाच्या उदासीनतेला कंटाळून ‘द क्रायसिस’चे संपादक डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी त्यांना पाठिंबा दिला होता. कृष्णवर्णीय विचारवंताने दक्षिणेत वाढलेल्या डेमोक्रॅटला पाठिंबा देणे, हे त्या काळी मोठे धाडस होते. सत्तेवर येताच विल्सन यांच्या प्रशासनाने टपाल आणि अर्थखात्यांच्या कार्यालयांत कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना वेगळे बसवण्यास सुरुवात केली. एका पक्षाने सोडलेले, दुसऱ्याने झिडकारलेले. ड्यू बॉइस यांच्या वाट्याला भ्रमनिरासाचे दोन्ही प्रकार आले.

१४/२०
दरम्यान लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क या शहरांत आली. तेथे त्यांना मत देता येत होते. १९३२ मध्ये, महामंदी ऐन भरात असताना, पिट्सबर्गमधील एका प्रमुख कृष्णवर्णीय वृत्तपत्राचे संपादक रॉबर्ट व्हॅन यांनी त्यांना सांगितले, की घरातील लिंकन यांची तसबीर आता भिंतीकडे तोंड करून ठेवा, ते ऋण फिटले आहे. त्या वर्षी बहुतेकांनी ऐकले नाही. पण १९३४ मध्ये शिकागोत कृष्णवर्णीय रिपब्लिकन ऑस्कर डी प्रीस्ट यांना आर्थर मिचेल यांनी हरवले. अमेरिकी काँग्रेसमधील ते पहिले कृष्णवर्णीय डेमोक्रॅट. १९३६ मध्ये सुमारे सत्तर टक्के कृष्णवर्णीय मतदार रूझवेल्ट यांच्या बाजूने गेले.

१५/२०
ही मते न्यायाच्या आश्वासनावर मिळालेली नव्हती. ती रोजगाराने आणली होती. रूझवेल्ट यांनी झुंडहत्येविरोधी विधेयकामागे आपले वजन टाकले नाही, कारण दक्षिणी सिनेटरांशिवाय त्यांचे इतर कायदे अडले असते. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. दक्षिणेतील बहुसंख्य कृष्णवर्णीय नेमके हीच कामे करीत. अशा रीतीने शिकागोचा कृष्णवर्णीय कामगार आणि मिसिसिपीचा गोरा मळेवाला एकाच पाटीखाली राहू लागले. हे बिऱ्हाड फार काळ टिकणारे नव्हते.

१६/२०
१९४८ मध्ये डेमोक्रॅटिक अधिवेशनाने नागरी हक्कांचा ठराव स्वीकारला आणि मिसिसिपीचे प्रतिनिधी सभागृहातून उठून गेले. बंडखोरांनी दक्षिण कॅरोलिनाचे गव्हर्नर स्ट्रॉम थर्मंड यांना उभे केले. त्यांनी दक्षिण कॅरोलिना, मिसिसिपी, अलाबामा आणि लुइझियाना ही चार राज्ये जिंकली. आणि या चारही राज्यांत मतपत्रिकेवर डेमोक्रॅटिक उमेदवार म्हणून नाव होते ते त्यांचेच. अलाबामात तर विद्यमान अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांचे नाव मतपत्रिकेवरच नव्हते. बंडखोराला ठाऊक होते, की मतदार माणसाआधी पाटी वाचतो. म्हणून त्याने पक्ष सोडण्याआधी पाटी काढून घेतली.

१७/२०
१९६४ हे निर्णायक वर्ष. नागरी हक्क कायदा सिनेटमध्ये ७३ विरुद्ध २७ मतांनी संमत झाला. बाजूने डेमोक्रॅट ४६, रिपब्लिकन २७. विरोधात डेमोक्रॅट २१, रिपब्लिकन ६. प्रमाणाने पाहता रिपब्लिकनांचा पाठिंबा अधिक होता. पण विरोध करणाऱ्या त्या सहांपैकी एक, बॅरी गोल्डवॉटर, हेच त्या वर्षीचे रिपब्लिकन अध्यक्षीय उमेदवार होते. आणि कायद्यावर सही करणारे लिंडन जॉन्सन डेमोक्रॅट. थर्मंड सप्टेंबरमध्ये रिपब्लिकन झाले. नोव्हेंबरमध्ये मिसिसिपीने गोल्डवॉटर यांना ८७ टक्के मते दिली. १८५६ पासून प्रत्येक वेळी रिपब्लिकनांना साथ देणाऱ्या व्हरमाँटने प्रथमच डेमोक्रॅटला कौल दिला.

१८/२०
त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिसिसिपीच्या मळ्यांत राबलेल्या फॅनी लू हेमर डेमोक्रॅटिक अधिवेशनात साक्ष देण्यास उभ्या राहिल्या. राज्याचे अधिकृत शिष्टमंडळ निव्वळ गोऱ्यांचे होते. त्याच्या जागी आपल्या ‘फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी’ला मान्यता मिळावी, एवढीच मागणी होती. नाव नोंदवायला गेल्याबद्दल घर सोडावे लागले, तुरुंगात मारहाण झाली, हे त्यांनी सांगितले. पक्षाने केवळ दोन जागा देऊ केल्या. त्यांनी त्या नाकारल्या. पुढच्या वर्षी मताधिकार कायदा झाला. मिसिसिपीतील कृष्णवर्णीयांची मतदारनोंदणी सुमारे ७ टक्क्यांवरून १९६७ पर्यंत जवळजवळ ६० टक्क्यांवर गेली. ज्या पक्षाने अपमान केला, त्याच पक्षात हे मतदार शिरले. पण आता ते उपरे राहिले नाहीत, त्या घराचे हक्कदार झाले.

१९/२०
गोरा दक्षिणी मतदार मात्र सरळ चालत रिपब्लिकनांकडे गेला नाही. १९६८ मध्ये मिसिसिपीने तिसऱ्या पक्षाच्या जॉर्ज वॉलेस यांना ६३ टक्के मते दिली. १९७२ मध्ये निक्सन यांना कौल दिला. १९७६ मध्ये पुन्हा डेमोक्रॅट जिमी कार्टर यांना. १९८० मध्ये रोनाल्ड रेगन यांनी याच राज्यातील नेशोबा जत्रेत ‘राज्यांच्या हक्कां’ची भाषा केली, तिथून जवळच १९६४ मध्ये तीन नागरी हक्क कार्यकर्त्यांची हत्या झाली होती. तरी राज्याचे विधिमंडळ पूर्णपणे रिपब्लिकन व्हायला २०११ उजाडले. व्हरमाँटही असेच थबकत गेले. १९८० मध्ये तेथील सुमारे १५ टक्के मतदारांनी पक्ष सोडलेल्या जॉन अँडरसन यांच्या धर्मशाळेत मुक्काम केला. १९९२ पासून राज्याने रिपब्लिकन अध्यक्षीय उमेदवाराला कधीच कौल दिलेला नाही. २००१ मध्ये तेथील सिनेटर जिम जेफर्ड्स यांनी पक्ष सोडला आणि सिनेटमधील बहुमतच पालटले. त्यांच्यासारख्यांच्या दृष्टीने ते पक्षातून निघाले नव्हते, पक्षच त्यांच्यापासून दूर निघून गेला होता.

२०/२०
१९९२ मध्ये रॉस पेरो यांना जवळजवळ १९ टक्के मते मिळाली, निर्वाचक मत एकही नाही. अलीकडच्या पाहण्यांत दहापैकी सुमारे चार अमेरिकी स्वतःला कोणत्याच पक्षाचे मानत नाहीत. धर्मशाळा भरलेल्याच असतात. फक्त तिथून पुढे कोणत्या घरी जायचे, हे ठरायला कधी वीस वर्षे लागतात, कधी साठ. म्हणून ‘आमचा पक्ष लिंकन यांचा’ किंवा ‘तुमचा पक्ष गुलामांच्या मालकांचा’ ही समाजमाध्यमांवरची भांडणे इतिहासाच्या दृष्टीने पोकळ आहेत. पाटीला वंशावळ असते, सातबारा नसतो. आत कोण राहते, हे दर पिढीला नव्याने पाहावे लागते. १८७३ मध्ये जोतीरावांनी आपले पुस्तक अमेरिकेतील कोणत्याही पक्षाला अर्पण केले नव्हते. ते अर्पण केले होते तेथील माणसांना, आणि तेही त्यांच्या एका विशिष्ट कृतीसाठी. पुढे दीडशे वर्षांत पाट्यांचे अर्थ कितीही बदलले तरी त्या अर्पणपत्रिकेतला एक शब्दही बदलावा लागत नाही, तो त्यामुळेच.